न वाळलेली गादी

फोन आला तेव्हा मी सानगडीला बहिणीच्या ओसरीवर बसून लाखोळीची डाळ निवडत होते. बहिणीचा गुडघा दुखतो, म्हणून दोन दिवसांसाठी गेले होते. धानाच्या रोवण्या आटोपलेल्या, आभाळ भरून आलेलं आणि गावात दुपारची सामसूम. शेजारच्या प्रमोदचा आवाज ऐकताच वाटलं, गॅसचं सिलिंडर आलं असेल. ‘‘काकू, तुमी लवकर या,’’ तो म्हणाला, ‘‘काका गाडीत झोपले हायेत... उठून नाही राहिले.’’ आणि मी, छत्तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडलेली बाई, त्याच सुरात त्याच्यावर खेकसले, ‘‘तं हाका मार ना जोरात! त्यायले कमी आयकू येते, मालूम नाही का तुले?’’ तो काही बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्यातून मला सगळं समजलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. तुमसरपर्यंत बसमध्ये बसून मी हाच विचार करत होते, की हे लोक डाव्या कानाशी ओरडत असतील. उजव्या कानाशी कोणी ओरडलं असतं तर ते उठले असते.

सारं तुमसर माझ्या नवऱ्याला मिस्त्री म्हणायचं, मीही म्हणायचे. राईस मिलच्या यंत्रांची दुरुस्ती हे त्यांचं काम. चाळीस वर्षं त्या धडधडाटात गेली आणि कान गिरणीतच राहिले. त्यामुळे आमच्या घरात हळू बोलणं नावाचा प्रकार नव्हता. भाजीत मीठ कमी आहे का, हेसुद्धा मी इतक्या जोरात विचारायची की पलीकडच्या गल्लीतून उत्तर यावं. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटे, मास्तरीणबाईचं आणि मिस्त्रीचं रोज भांडण होतं. भांडण क्वचितच व्हायचं, कारण भांडायला समोरच्याला ऐकू यावं लागतं. मी चिडले की ते ऐकू न आल्यासारखं करत आणि पान्याला तेल देत बसत. कधी खरंच ऐकू येत नसे आणि कधी येत असे. फरक मला शेवटपर्यंत ओळखता आला नाही.

ते मूळ एकोडीचे. घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाला लागूनच. पोहणं, बैल धुणं, मासे धरणं, सगळं त्या तलावात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या कडक जमिनीवर लोक बैलगाड्या नेत, तिथंच सोडून ठेवत आणि आठ दिवसांनी घ्यायला जात. पाणी काय, पावसाशिवाय थोडंच येणार! मिस्त्रींची पाण्याशी ओळख ही अशी. पण लहानपणी कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की एक पाणी असं आहे ज्याला पाळच नाही. ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला विचारलं, ‘‘तू शिकलेली हायेस. सांग, पाळ नाही तं मंग पानी थांबते कायनं?’’ मी पुस्तकातलं काहीतरी उत्तर दिलं. त्यांचं समाधान झालं नाही. ‘‘एकदा पाह्यलं पाहिजे,’’ म्हणाले, आणि पुढची पस्तीस वर्षं आम्ही नागपूरच्या पलीकडे गेलो नाही.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी एक भंगारात निघालेली शाळेची पिवळी मिनीबस अंगणात आणून उभी केली. मी कपाळावर हात मारला. वर्षभर ते तिच्यात शिरून ठोकाठोक करत होते. मिलमधल्या जुन्या चाळण्यांच्या जाळ्या खिडक्यांना लागल्या, धान वर चढवणाऱ्या पट्ट्याचं काळं रबर जमिनीवर अंथरलं गेलं, मागच्या काचेला टेकून भांड्यांचं कपाट झालं, शेगडी झाली आणि चांगली जाडजूड कापसाची गादी झाली. कपाटानं मागचं काहीच दिसेना, तर त्यांनी माझ्या बाजूला बाहेर एक जादा गोल आरसा बसवला, अगदी माझ्या नजरेच्या उंचीवर. ‘‘तुले सारखं मागं वळून पाहाची सवय. मान मोडून घेशीन, मास्तरीन.’’ या माणसानं मला सोन्याचा मणीसुद्धा कधी आपणहून आणला नव्हता. आरसा मात्र माझी मान मोजून बसवला.

निघालो दोन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर लगेच. लोक म्हणाले, थंडीत जा, आता तिकडे पाऊस आहे, समुद्रात वादळ आहे. पण आमच्याकडे थंडी म्हणजे नवीन धान, आणि नवीन धान म्हणजे सगळ्या गिरण्यांना एकाच वेळी मिस्त्री पाहिजे. कापणीच्या आधीचे हे पंधरा दिवसच काय ते आमचे. शिवाय त्यांच्या मनात पाऊस म्हणजे आमच्याकडचा पाऊस, पडला आणि गेला. तीन दिवस गाडी चालवून आम्ही कोल्हापूरमार्गे घाट उतरलो, तेव्हा धुक्यात पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा दिसत नव्हता. कान नसल्यामुळे ते इंजिन हातानं ऐकत. डावा तळवा गिअरच्या दांड्यावर ठेवलेला, त्या थरथरीवरून त्यांना सगळं समजे. मी त्यांच्या त्या हाताकडे बघत बसले होते. मला तेव्हा बरं वाटत होतं, हे इथं लिहून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात माझं काही चांगलं नाही.

किनाऱ्याच्या रस्त्यानं आम्ही तीन दिवस हिंडलो आणि समुद्र काही दिसेना. म्हणजे समोर होता, पण पाऊस, धुकं आणि पाणी सगळं एकाच राखाडी रंगाचं. प्रत्येक वळणावर मिस्त्री गाडी थांबवत, छत्री घेऊन उतरत, कठड्याशी उभे राहत आणि भिजून परत येत. ‘‘दिसला का?’’ मी ओरडून विचारायची. ‘‘हाये तिकडं,’’ ते म्हणायचे, ‘‘पन कुठून सुरू होते ते समजून नाही राहिलं.’’ गाडीत ओल्या कपड्यांचा कुबट वास भरला. आगपेटी सादळली. मी घरून आणलेल्या तांदळाचा भात आणि लाखोळीचं वरण तीन दिवस दोन्ही वेळा खाल्लं. माझी कंबर धरली आणि तोंड सुटलं. मी म्हटलं, एवढंसं पाणी पाहायला हजार किलोमीटर यायचं होतं तर एकोडीचाच तलाव पावसात पाहायला काय झालं होतं? त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस जरा ओसरला. एका लहानशा गावाजवळ रस्ता थेट वाळूवर उतरत होता. ही लांबरुंद, ओली, कडक वाळू, आणि पाणी लांब, धुक्यात कुठेतरी. मिस्त्री उतरले, टाचेनं दोन-चार ठिकाणी वाळू ठोकून पाहिली, उन्हाळ्यात तलावाच्या कडेला पाहतात तशीच. ‘‘कडक हाये. पक्की हाये. गाडी इथं लावू, धुकं हटलं की समोरच दिसन.’’ पाहा, चूक एवढीच. आमच्या भागातला कोणीही माणूस तीच करेल. पण मी? मी चौथीच्या वर्गाला वर्षानुवर्षं भरती-ओहोटी शिकवली. फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले. ‘समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते,’ हे वाक्य पोरांकडून शंभरदा घोकून घेतलं. आणि त्याच पाण्याच्या रिकाम्या जागेवर गाडी लावून मी निवांत भात टाकला. पोथीतली वांगी पोथीतच राहिली. डोक्यात आलंसुद्धा नाही की ते हे आहे.

जेवण झालं आणि पाऊस परत धरला. दारं-खिडक्या लावून आम्ही गादीवर आडवे झालो. काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या. आवाज वाढला, तो मी पावसाचा समजले; त्यांना तर काहीच आवाज नव्हता. संध्याकाळी त्यांनीच आधी ओळखलं. तळवा गाडीच्या पत्र्याला लावून ते म्हणाले, ‘‘गाडी हालून राहिली.’’ दार उघडलं तर पायरीवर पाणी. पाऊस पडून साचलेलं नव्हे, चालून आलेलं पाणी. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं, मागची चाकं वाळूत रुतली. गुडघाभर पाण्यातून त्यांनी मला हाताला धरून वर रस्त्यापर्यंत आणलं आणि परत गेले माझी औषधांची पिशवी आणायला. मी किंचाळत होते, परत या, परत या... आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्या पाच मिनिटांत मी विधवा होऊन बसले होते. पिशवी डोक्यावर धरून ते छातीभर पाण्यातून आले आणि म्हणाले, ‘‘खारट हाये वो, खरंच.’’

माझा आवाज ऐकून गावातले मच्छिमार धावत आले. त्यांनी दोर बांधले, गाडी वाहू दिली नाही; दोर टाकताना मिस्त्रींच्या बाजूचा आरसा तेवढा तुटून गेला. वाऱ्यानं पाणी त्या दिवशी नेहमीपेक्षा वर चढलं होतं, गादीच्याही वर. एका मावशीनं मला कोरडं लुगडं दिलं, चहा दिला आणि सहज विचारलं, ‘‘भरतीची येळ इचारायची नाय काय ओ?’’ भरती. तो शब्द ऐकला आणि माझ्या अंगाचा भडका झाला. शब्द माझा होता, माझ्या फळ्यावरचा होता, आणि तो मला सुचला नव्हता. मग मी काय करावं? मी मिस्त्रींकडे वळले आणि पंधरा-वीस माणसांसमोर म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं मिस्त्री म्हनून मिरवले, पन पानी कोनतं ते समजत नाही तुमाले! तलावातले बेंडूक ते तलावातलेच राह्यले!’’ आणि मी हे त्यांच्याशी नेहमी बोलते तेवढ्याच जोरात बोलले. सगळ्यांनी ऐकलं. दोघं-चौघं हसले, वाईट मनानं नाही. मिस्त्रीही हसले. हसताना त्यांनी खाली मान घालून लुंगीचा ओला काठ पिळला, आणि पिळून झाल्यावरही पिळतच राहिले.

पाणी उतरल्यावर ट्रॅक्टर लावून गाडी वर ओढली. दुसरा पूर्ण दिवस मिस्त्री तिच्याखाली आडवे होते. तेल बदललं, एकेक भाग गोड्या पाण्यानं धुतला, वाळवला, पुसला. मच्छिमारांनी आपल्या दोन होड्यांची इंजिनंही त्यांच्याकडून बघून घेतली, आणि संध्याकाळी गाडी चालू झाली तेव्हा टाळ्या वाजवल्या. त्यांची इज्जत त्यांनी परत मिळवली होती. रात्रीच्या जेवणाला बसताना ते माझ्याजवळ आले. ‘‘मास्तरीन, हे लोक म्हनते, उद्या नाही तं परवा आभाळ उघडन. एक दिवस थांबू का?’’ त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मी बोटांवर सांगू शकते. ही त्यातली एक. मी म्हटलं, ‘‘मले घरी जायचं हाये. तुमचा समुद्र तुमीच पाहा.’’ त्यांनी विचारलं नाही की काय म्हणालीस. म्हणजे ऐकू आलं होतं. सकाळी उठले तर ते चाकांतली हवा तपासत होते.

आता जे लिहिते आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, मुलीलासुद्धा नाही. गावातून निघालं की रस्ता चढत चढत वर पठारावर जातो. चढ अवघड, रस्ता ओला, आणि इंजिनावर अजून भरवसा नव्हता. मिस्त्रींचा तळवा दांड्यावर आणि डोळे समोर. मी तोंड फुगवून डावीकडे बघत होते. अर्ध्या चढावर माझ्या आरशात काहीतरी चमकलं. मागे आभाळ फाटलं होतं. त्या एवढ्याशा गोल आरशात खाली समुद्र होता... निळा, पार आभाळापर्यंत, वर ऊन सांडलेलं, आणि कडेला पांढरी रेघ. कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, सगळं स्वच्छ दिसत होतं. मागच्या काचेला कपाट, त्यांचा आरसा तुटलेला; गाडीत समुद्र फक्त मला दिसत होता. ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. हात लावला असता तरी ते थांबले असते. मी बोलले नाही. पाच वळणं मी एकटीनं समुद्र पाहिला आणि सहाव्या वळणाला तो गेला. राग होता, हे खरं. पण मनात असंही होतं की थांबलो असतो, तो पाहून ते हसले असते, तर मला माझे शब्द मागे घ्यावे लागले असते.

घरी आल्यावर गादी छतावर टाकली. आठ दिवस कडक ऊन खाल्लं, वाळली. पहिल्याच ढगाळ दिवशी हात लावला तर ओली. परत वाळवली, परत ओली. मीठ कापसात मुरलं होतं. हवेत ओल आली की ते खेचून घेतं. मी म्हटलं, देऊन टाका, नवीन भरू. ते नाही म्हणाले. गाडीतच ठेवली आणि दुपारी तिच्यावर लवंडायची सवय लावून घेतली. आभाळ आलं की तळवा गादीवर ठेवत, इंजिनावर ठेवत तसाच, आणि मला हाक मारून सांगत, ‘‘मास्तरीन, गादी ओली झाली. तिकडं भरती आली असन.’’ मी स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘असन.’’ दोन वर्षांत हे किती वेळा झालं असेल! प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. आधी रागानं नाही सांगितलं, मग लाजेनं नाही, आणि मग इतके दिवस होऊन गेले की ते विचारतील, तेव्हाच काहून नाही सांगितलं, या भीतीनं नाही. एकदा माझ्यासमोरच नणंदबाईंनी त्यांना विचारलं, समुद्र कसा असते? ते म्हणाले, ‘‘मोठा असते. आमाले काही नीट दिसला नाही.’’ आमाले. मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले. पुन्हा जाऊ म्हणत होते. गेल्या वर्षी आधी मिलमधून सुट्टी नाही मिळाली, मग माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. यंदा दसऱ्यानंतर नक्की, असं ठरलं होतं. गाडीचं तेल त्यांनी जुलैतच बदलून ठेवलं.

मी सानगडीहून पोहोचले तेव्हा ते गाडीतच होते, कुशीवर, उजवा कान गादीत दाबलेला. एक तळवा गादीवर उघडा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना समजलंही नसेल. लोक हे समाधान म्हणून सांगतात. मला त्याचं समाधान वाटत नाही. काही दुखलं असतं, हाक मारली असती, मी नव्हते हे त्यांना समजलं असतं, तर निदान माझ्यावर रागावले असते. आम्ही बौद्ध. तेरवी वगैरे काही नाही. भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाला गिरण्यांमधले लोक आले. माणसं निघून गेल्यावर नणंदबाई म्हणाल्या, ‘‘वयनी, आपून मानत नाही, तरी पन ज्या गादीवर मानूस गेला ते घरात ठेवत नाहीत. नाल्यावर टाकून देऊ.’’ मुलगीही म्हणाली, आई, देऊन टाक, गाडीपण विकू. प्रमोद गादी उचलायला गाडीत चढलाही. मी दारात आडवी उभी राहिले. काय बोलले ते आठवत नाही, पण नणंदबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा विषय काढला नाही.

सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, आठवणी असतात ना सोबत. असतात. माझ्याकडे पाच वळणांची आठवण आहे, ती त्यांची होती, मी ठेवून घेतली. परत देता येत नाही. झोप येत नाही, भात गिळवत नाही, आणि घरात इतकं हळू बोलतात सगळे, की मला वाटतं माझेच कान गेले.

परवा सकाळपासून आभाळ होतं. मी गाडीत गेले, त्यांच्या जागी बसले आणि तळवा गादीवर ठेवला. ओली होती. मी म्हटलं, ‘‘अहो, निळा होता.’’ मग आठवलं की एवढ्या हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. मी वाकले, गादीवर जिथं त्यांचा उजवा कान होता तिथं तोंड नेलं आणि ओरडले, ‘‘निळा होता! मी पाह्यला! आरशात दिसला, मी सांगितलं नाही तुमाले!’’ कुंपणापलीकडून प्रमोद धावत आला. ‘‘काकू, काय झालं? कोनाले आवाज देऊन राहिल्या?’’

‘‘कोनाले नाही,’’ मी म्हटलं. ‘‘जा तू.’’